टॅट: एचआयव्हीचं एवढंसं प्रथिन आणि गोळ्यांच्या टप्प्याबाहेरचा भाग

रायबोझोम (धागाकर्ता)

एचआयव्हीच्या जीवशास्त्रावर कुठेही बोलणं निघालं की गाडी तीन विकरांवर येऊन थांबते: रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज, इंटिग्रेज आणि प्रोटिएज. कारण उघड आहे, बहुतेक औषधं तिथेच काम करतात. पण ज्याच्यामुळे हा विषाणू पेशीत शिरल्यावर भराभर वाढतो ते प्रथिन वेगळंच आहे आणि त्याच्यावर आजही एकही मान्यताप्राप्त औषध नाही. त्याचं नाव टॅट. त्याच्याबद्दल सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

विषाणूची सगळी जनुकीय सामग्री साधारण ९,७०० अक्षरांची, जनुकं नऊ. त्यातलं टॅट हे प्रथिन ८६ ते १०१ अमिनो आम्लांचं. प्रथिनांच्या जगात हे अगदीच किरकोळ. १९८५ साली लक्षात आलं की संसर्ग झालेल्या पेशीत असं काहीतरी आहे, ज्याच्यामुळे विषाणूच्या जनुकांचं काम कित्येक पटींनी वाढतं. ते काहीतरी म्हणजे टॅट.

ते नेमकं करतं काय? विषाणूचा डीएनए आपल्या पेशीच्या डीएनएत जाऊन बसला की त्याची आरएनए प्रत काढायला (यालाच प्रतिलेखन म्हणतात) पेशीचंच यंत्र वापरलं जातं, आरएनए पॉलिमरेज २. हे यंत्र सुरुवात तर करतं, पण साधारण साठ अक्षरं लिहून झाली की अडतं. त्याला अडवून धरणारे दोन घटक आहेत, नेल्फ आणि डीसिफ. पहिल्या गिअरमध्ये आचके खात बंद पडणाऱ्या गाडीसारखी अवस्था. अर्धवट, निरुपयोगी तुकडे तयार होत राहतात.

गंमत अशी की या तुकड्याच्या सुरुवातीची ५९ अक्षरं स्वतःवरच दुमडून एक काटा तयार करतात. त्याला टार म्हणतात. या काट्याच्या दांड्यावर तीन अक्षरांचा एक फुगवटा असतो आणि टोकाला एक फासा. टॅट फुगवट्याला पकडतं. टॅटसोबत आलेलं सायक्लिन टी१ हे पेशीचं प्रथिन टोकाच्या फाशाला पकडतं. आणि सायक्लिन टी१ला चिकटूनच येतं सीडीके९ हे विकर, जे पॉलिमरेजच्या शेपटीवर आणि त्या दोन अडवणाऱ्यांवर फॉस्फेट लावतं. नेल्फ सुटून जातो, डीसिफ तर अडवायचं सोडून मदतीला लागतो आणि यंत्र सुसाट सुटतं.

म्हणजे टॅट स्वतः काहीच घडवत नाही. पेशीच्या मालकीचं यंत्र ते बरोबर जागी आणून उभं करतं, बस. ही सायक्लिन-सीडीके जोडीही पेशीत मोकळी पडलेली नसते. ७एसके नावाचा आरएनए आणि हेक्झिम१ हे प्रथिन तिचा बराचसा साठा निष्क्रिय करून ठेवतात. टॅट तिला तिथूनही सोडवून आणतं.

इथवरचं सगळं भक्कम आहे, कोणी वाद घालत नाही. वाद पुढे सुरू होतो, कारण टॅटला दुसरं आयुष्य आहे. ते पेशीबाहेर पडतं. बाहेर जाणाऱ्या प्रथिनांवर नेहमी असतो तो संकेत टॅटवर नाही. तरीही ते पेशीपटलाच्या आतल्या बाजूच्या एका फॉस्फोलिपिडला चिकटतं आणि पटलातून थेट बाहेर निसटतं. १९८८ मध्ये दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी दाखवलं की बाहेरून टाकलेलं टॅट दुसऱ्या पेशीत आपणहून शिरतं आणि तिथल्या केंद्रकात जाऊन कामाला लागतं. म्हणजे ज्या पेशीला संसर्गच झालेला नाही तिच्यातही या विषाणूचं एक प्रथिन जाऊन पोहोचतं.

माझं म्हणणं असं: एचआयव्हीमुळे होणारं सगळं नुकसान 'किती पेशींना संसर्ग झाला' एवढ्या मोजमापात बसत नाही, आणि त्या फरकात टॅटचा वाटा आहे. एचआयव्हीच्या गोळ्या (एआरटी) चालू असतानाही. मतभेद असतील तर मांडा, त्यासाठीच धागा काढलाय.

---

पावसाळी ढग

उत्तम लेख. वाचनखूण साठवली आहे.

एक बाळबोध प्रश्न. टॅट असल्याशिवाय पूर्ण प्रत निघत नाही म्हणता. पण टॅट तयार व्हायलाही पूर्ण प्रतच लागणार ना? मग पहिलं टॅट येतं कुठून? कोंबडी आधी की अंडं?

---

रायबोझोम

बाळबोध अजिबात नाही, या विषयातला सगळ्यात मोलाचा प्रश्न आहे हा.

यंत्र अडतं म्हणजे दर वेळी अडतंच असं नाही. अधूनमधून एखादी प्रत शेवटापर्यंत जाते. टी पेशी उत्तेजित असेल तर एनएफ-कप्पाबी नावाचा पेशीचा स्वतःचा घटक विषाणूच्या सुरुवातीच्या भागावर बसतो आणि असं घडण्याची शक्यता वाढते. या सुरुवातीच्या प्रती पूर्ण कापूनछाटून बाहेर येतात आणि त्यांच्यापासून तीन प्रथिनं आधी बनतात: टॅट, रेव्ह आणि नेफ. थोडंसं टॅट तयार झालं की ते आणखी प्रती काढतं, त्यातून आणखी टॅट. चक्र सुरू. मग रेव्ह पुरेसं साठलं की न छाटलेला लांब आरएनए केंद्रकाबाहेर जाऊ लागतो आणि नवे विषाणू जुळायला लागतात.

पण ते पहिलं थोडंसं टॅट पुरेसं नसेल तर? चक्र पेटण्याआधीच विझतं. २००५ मध्ये हे फार सुंदर दाखवलं गेलं. अगदी एकसारख्या पेशींत टॅटचं चक्र बसवलं, तर काही पेशी पूर्ण चालू झाल्या, काही बंदच राहिल्या. फरक फक्त सुरुवातीच्या रेणूंच्या संख्येतल्या योगायोगाचा. झोपलेला विषाणू बाळगणाऱ्या पेशींचा सुप्त साठा म्हणतात तो तयार होण्यामागे हे एक कारण आहे. पेशी विश्रांतीच्या अवस्थेत जाणं आणि डीएनए घट्ट गुंडाळला जाणं ही बाकीची कारणं.

---

मिहिका

मी जैवतंत्रज्ञानाच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्हाला टॅट फक्त परीक्षेत दोन गुणांना असतं: 'नियामक प्रथिन, प्रतिलेखन वाढवते'. संपलं.

मला विचारायचंय की उंदरांना एचआयव्ही होत नाही याचा टॅटशी संबंध आहे का? कुठेतरी ओझरतं वाचलं होतं.

---

रायबोझोम

मिहिका, आहे, आणि तो एका अमिनो आम्लाइतका बारीक आहे.

माणसाच्या सायक्लिन टी१मध्ये २६१व्या जागी सिस्टिन आहे. उंदराच्या त्याच प्रथिनात त्या जागी टायरोसिन. टॅटमध्ये सिस्टिनांचा एक पुंजका आहे. टॅटचे सिस्टिन आणि सायक्लिनचा हा २६१वा सिस्टिन मिळून मध्ये जस्ताचा अणू धरून ठेवतात. उंदरात तो सिस्टिनच नसल्यामुळे पकड लागत नाही. टॅट, सायक्लिन आणि टार एकत्र येत नाहीत आणि यंत्र अडलेलंच राहतं. १९९८ मध्ये सायक्लिन टी१ सापडलं आणि त्याच सुमारास ही गोष्टही उलगडली. २०१० मध्ये टॅट आणि या जोडीची स्फटिकरचना मिळाली. तिच्यात टॅट सायक्लिनच्या अंगावर पसरून बसलेलं दिसतं. एकटं असताना त्याला स्वतःचा असा पक्का आकारच नसतो.

मात्र उंदीर सुटतात ते फक्त यामुळे नाही. विषाणूला पेशीत शिरायला लागणारे पेशीवरचे सीडी४ आणि सीसीआर५ हे ग्राही (बाहेरचे रेणू पकडणारी प्रथिनं) उंदराचे असतील तर चालत नाहीत, आणि नवे विषाणू जुळण्यातही अडचणी येतात. म्हणून हल्ली मानवी रोगप्रतिकारक पेशी बसवलेले उंदीर वापरतात.

---

शंकासुर

लेख चांगला आहे, पहिला अर्धा. दुसऱ्या अर्ध्यावर मला बोलायचंय.

टॅट पेशीबाहेर पडून अमुक करतं, तमुक करतं असे शोधनिबंध ढिगाने आहेत. चेतापेशी मारतं, टी पेशींना आत्मनाश करायला लावतं, रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडवतं, मोनोसाइट या पांढऱ्या पेशी गोळा करतं, विषाणूला शिरायला लागणारं सीएक्ससीआर४ वाढवतं. वाचता वाचता वाटतं, हे एक प्रथिन आहे की अख्खी टोळी? एका रेणूवर इतके आरोप होतात तेव्हा मी आधी प्रयोगाची पद्धत बघतो.

साधं गणित करू. टॅटचं वजन धरा १० किलोडाल्टन. रुग्णांच्या रक्तात जे आकडे दिले गेलेत ते मिलिलिटरला काही नॅनोग्रॅमपासून फार तर काही दहा नॅनोग्रॅमपर्यंत. मिलिलिटरला १० नॅनोग्रॅम म्हणजे १ नॅनोमोलर (रेणूंच्या संख्येवरून काढलेली तीव्रता). आता चेतापेशींवरचे प्रयोग बघा. १०० नॅनोमोलर हा तिथला नेहमीचा डोस, म्हणजे मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅम. शंभर पट! काही ठिकाणी त्याहून जास्त. एवढं धनभारित प्रथिन चेतापेशींवर ओतलं तर त्या चांगल्या कशा राहतील?

दुसरं, हे टॅट येतं कुठून? बहुतेक वेळा ई. कोलाय जिवाणूंत बनवलेलं. त्यात जिवाणूचं एंडोटॉक्सिन थोडं जरी राहिलं तरी मोनोसाइट आणि मायक्रोग्लिया (मेंदूतल्या संरक्षक पेशी) पेटून उठतात. मग तुम्ही लिहिता, टॅटमुळे दाह. कशावरून टॅटमुळे?

तिसरं, टॅट काचेला आणि प्लास्टिकला चिकटतं, हवेत पटकन ऑक्सिडाइज होतं. बाटलीवर लिहिलेला डोस आणि पेशीला प्रत्यक्ष मिळालेला डोस एकच असतो असं कोण सांगणार?

---

रायबोझोम

शंकासुर, तिन्ही मुद्दे रास्त आहेत. पण त्यातला तिसरा तुमच्याच पहिल्या मुद्द्याच्या विरोधात जातो, बघा. बाटलीतलं बरंचसं टॅट चिकटून आणि बिघडून वाया जात असेल, तर १०० नॅनोमोलर टाकूनही पेशीला मिळतं ते खूप कमी असू शकतं.

शिवाय रक्तातली सरासरी हा योग्य मापदंड नाही. टॅट पेशींच्या पृष्ठभागावरच्या हेपरन सल्फेट या साखरेच्या साखळ्यांना घट्ट चिकटतं. संसर्ग झालेल्या पेशीला खेटून असलेल्या पेशीला जे मिळतं ते शिरेतून काढलेल्या रक्तात दिसणार नाही. लसिका ग्रंथीत किंवा मेंदूत पेशी एकमेकींना भिडूनच असतात.

एंडोटॉक्सिनचा मुद्दा मात्र मला पूर्ण मान्य. चांगले प्रयोग कसे ओळखावेत ते सांगतो. टॅट उष्णतेने बिघडवून टाकल्यावर परिणाम गेला का? (एंडोटॉक्सिन उष्णतेला सहज दाद देत नाही, म्हणून ही तुलना कामाची.) टॅटविरोधी प्रतिपिंड घातल्यावर गेला का? एकच अमिनो आम्ल बदललेलं टॅट, अगदी त्याच पद्धतीने शुद्ध केलेलं, वापरल्यावर गेला का? शेवटची कसोटी सगळ्यात कडक, आणि त्यात टिकलेलं उदाहरण आपल्याकडच्याच संशोधकांचं आहे. त्यावर लिहितो, पण आधी कोणी डॉक्टर असतील तर मेंदूबद्दल त्यांनी लिहावं.

---

ओपीडीनंतर

लिहितो. एचआयव्हीचे रुग्ण नियमित बघतो, पण प्रयोगशाळेत काम करत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

चेतापेशींना एचआयव्हीचा संसर्ग होत नाही. मेंदूत संसर्ग होतो तो मुख्यतः मायक्रोग्लिया आणि मॅक्रोफेज या पेशींना. तरी चेतापेशींचे तंतू खुरटतात, जोडण्या कमी होतात. म्हणजे शेजाऱ्यांकडून काहीतरी बाहेर पडतंय. त्या 'काहीतरी'मध्ये विषाणूचं बाहेरचं प्रथिन जीपी१२०, दाहकारक रसायनं आणि टॅट हे तिन्ही संशयित आहेत. टॅट एलआरपी नावाच्या ग्राहीला धरून चेतापेशीत शिरतं आणि संदेश घेणाऱ्या एनएमडीए ग्राहीला जास्त उत्तेजित करतं. मग पेशीत कॅल्शियमचा पूर येतो. उंदराच्या मेंदूतल्या ॲस्ट्रोसाइट या आधारपेशींमध्ये हवं तेव्हा टॅट तयार होईल अशी व्यवस्था करून पाहिली, तर विषाणू नसतानाही मेंदूत बिघाड दिसले. इथे बाटलीतल्या प्रथिनाचा प्रश्नच येत नाही, हे शंकासुरांनी लक्षात घ्यावं.

एआरटी आल्यापासून एचआयव्हीचा तो जुना, माणूस ओळखेनासा करणारा डिमेन्शिया फार कमी झाला. सौम्य तक्रारी मात्र राहिल्या: विसरभोळेपणा, लक्ष न लागणं, कामाचा वेग मंदावणं. पण दारू, नैराश्य, वय, मधुमेह, आधी होऊन गेलेला मेंदूचा क्षयरोग, एफाव्हिरेंझसारखी जुनी औषधं, यांतलं काहीही या तक्रारी देऊ शकतं. सीडी४ (रक्तातल्या टी पेशींची संख्या) एकदा खूप खाली जाऊन आलेले असतात ते वेगळंच. समोर बसलेल्या रुग्णाच्या विसरण्याचं खापर मी टॅटवर फोडणार नाही.

---

रायबोझोम

आता ते उदाहरण.

एचआयव्ही-१चे उपप्रकार आहेत. अमेरिका-युरोपात जास्त करून बी, भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत सी. जगातल्या जवळपास निम्म्या संसर्गांत सीच असतो. बीच्या टॅटमध्ये ३० आणि ३१ या जागी सिस्टिन-सिस्टिन अशी जोडी आहे. केमोकाइन नावाच्या, पेशींना हाक मारून बोलावणाऱ्या प्रथिनांतही अशी जोडी असते. सीच्या बहुतांश टॅटमध्ये ३१व्या जागी सिस्टिन नाही, सेरिन आहे.

बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातल्या उदयकुमार रंगा यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवलं की या एका बदलामुळे सीचं टॅट मोनोसाइटना बोलावण्यात कच्चं पडतं. प्रतिलेखनाचं मूळ काम मात्र ते व्यवस्थित करतं. पुढे २००८ मध्ये मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातल्या पंकज सेठ यांच्याबरोबर त्यांनी मानवी चेतापेशींवर दोन्ही टॅट वापरून पाहिली. बीचं टॅट जास्त विषारी ठरलं, सीचं कमी. आणि त्या जोडीत फेरफार केला की विषारीपणाही बदलला.

शंकासुर, इथे दोन्ही प्रथिनं एकाच रीतीने बनवलेली आहेत. एंडोटॉक्सिनला ३१व्या जागेचा फरक कळत नाही.

---

शंकासुर

हे मान्य. हा प्रयोग मला पटतो.

पण त्यावरून पुढे जी गोष्ट पसरली ती आठवा: 'भारतात एचआयव्हीचा डिमेन्शिया कमी, कारण सीचं टॅट सौम्य.' नंतर भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत नीट चाचण्या घेतल्यावर सी उपप्रकारातही बौद्धिक अडचणी दिसल्याच. बशीतल्या पेशीत जे घडलं ते खरं असेलही, पण अख्ख्या माणसात त्याचं वजन किती हा वेगळा प्रश्न. रायबोझोम, तुमच्या मूळ लेखातला 'टॅटचा वाटा आहे' हा शब्दप्रयोग मी चालवून घेतो. 'किती' हे लिहिलंत तर अडवीन.

---

रायबोझोम

'किती' लिहिलेलं नाही, लिहिणारही नाही.

'एका प्रथिनावर इतके आरोप' याला कपोसी सार्कोमाचा (एड्समध्ये दिसणारा, त्वचेवर गाठी आणणारा कर्करोग) इतिहास चांगला लागू पडतो. १९८८ मध्ये टॅटचं जनुक घातलेल्या उंदरांच्या त्वचेवर कपोसी सार्कोमासारख्या गाठी आल्या. १९९० मध्ये बार्बरा एन्सोली आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पेशीबाहेर पडलेलं टॅट या गाठींमधल्या पेशींची वाढ जोमात करतं. सगळे म्हणायला लागले, सापडला गुन्हेगार. आणि १९९४ मध्ये त्या गाठींत दुसराच विषाणू सापडला, मानवी हर्पिस विषाणू ८. मूळ कारण तो. मग टॅट निर्दोष सुटलं का? तसंही नाही. टॅटच्या दुसऱ्या भागात आर्जिनिन-ग्लायसिन-ॲस्पार्टेट हा तिघांचा क्रम आहे, ज्याला रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरची इंटिग्रिन नावाची प्रथिनं पकडतात. नव्या रक्तवाहिन्या फुटायला त्याने हातभार लागतो. आज त्याच्याकडे मदतनीस म्हणून बघतात.

---

एक सदस्य

नाव न सांगता लिहितोय. मी बरीच वर्षं एआरटीवर आहे. व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) सापडत नाही इतका कमी. सीडी४ चांगले. डॉक्टर म्हणतात सगळं ठीक आहे.

धागा वाचून झोप उडाली. गोळ्या टॅटला अडवत नाहीत म्हणजे आत काहीतरी चालूच आहे का? मग या गोळ्यांचा उपयोग काय? आणि टॅटची तपासणी कुठे होते का?

---

ओपीडीनंतर

अहो, आधी एक दीर्घ श्वास घ्या. तुमची तब्येत उत्तम आहे.

गोळ्या नवीन पेशींना संसर्ग होऊ देत नाहीत. त्यामुळे टॅट बनवणाऱ्या पेशींची संख्याच प्रचंड घटते. उरतात त्या आधीच डीएनए शिरलेल्या थोड्या पेशी, आणि त्यांतल्याही बहुतेक झोपलेल्या किंवा मोडक्या विषाणूच्या. त्यांच्यातून कधीमधी थोडं प्रथिन बाहेर येतं, म्हणून उपचार घेणाऱ्या काही जणांच्या मेंदूद्रवात टॅट सापडलं. पण उपचार नसताना जे घडतं त्याच्या तुलनेत हे काहीच नाही.

गोळ्या थांबवून पाहण्याचा विचार चुकूनही मनात आणू नका. तो प्रयोग करून झालाय. स्मार्ट नावाची मोठी चाचणी, ५,४७२ लोक. सीडी४ चांगले असले की गोळ्या थांबवायच्या आणि घसरले की पुन्हा सुरू करायच्या, असं एका गटाला सांगितलं होतं. त्या गटात आजार आणि मृत्यू जास्त झाले, हृदयविकारसुद्धा. २००६ मध्ये निकाल छापून आले आणि तो विषय कायमचा बंद झाला.

व्हायरल लोड सापडत नाही म्हणजे तुमच्याकडून लैंगिक संबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही, हेही पक्कं आहे. टॅटची तपासणी संशोधनात करतात, रुग्णांसाठी नेहमीची अशी नाही, आणि तिचा आकडा कळून तुमच्या उपचारात काही बदलणारही नाही. त्यापेक्षा रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल सांभाळा, तंबाखू असेल तर सोडा. विसरायला होत असेल तर तुमच्या डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. त्याची कारणं बहुतेक वेळा उपचार करण्याजोगी निघतात.

---

एक सदस्य

धन्यवाद डॉक्टर. आज झोपतो शांत.

---

सदाफुली

माझ्या ओळखीत एकांनी एका काढ्याने एचआयव्ही पूर्ण बरा झाल्याचं सांगितलंय. हे टॅट वगैरे थांबवणारं त्यात काही असू शकेल का? पत्ता हवा असल्यास व्यक्तिगत निरोप करा.

---

शंकासुर

पत्ता नको. गोळ्या चालू असताना व्हायरल लोड सापडत नाहीच, मग श्रेय काढा घेऊन जातो. वरच्या सदस्याची झोप नुकती परत आली आहे, ती राहू द्या.

---

पावसाळी ढग

+१ शंकासुर.

पण खरोखर, टॅटवर औषध का नाही? चाळीस वर्षं झाली की शोध लागून.

---

रायबोझोम

प्रयत्न झाले. १९९०च्या दशकात रोश कंपनीने टॅटविरोधी एक रेणू रुग्णांवर वापरून पाहिला. बशीतल्या पेशींत छान चालला होता, माणसांत विषाणू कमी झालाच नाही, वर अंगावर पुरळ. त्यानंतर बराच काळ कोणी फिरकलं नाही. मूळ अडचण अशी की टॅटला स्वतःचा पक्का आकार नाही आणि विकरासारखी औषध जाऊन बसेल अशी खाच नाही. सायक्लिन-सीडीकेवर नेम धरावा तर ते आपल्याच पेशींना रोज लागतं.

मग २०१२ मध्ये सुसाना व्हॅलेंटे यांच्या गटाने डायडीहायड्रो-कॉर्टिस्टॅटिन ए पुढे आणलं. समुद्री स्पंजात सापडलेल्या रसायनाचं हे प्रयोगशाळेत बनवलेलं भावंड. ते टॅटच्या धनभारित भागाला चिकटतं, टार-टॅट भेट होऊ देत नाही आणि तेही अगदी थोड्या मात्रेत. बराच काळ दिल्यावर विषाणूच्या डीएनएचा तो भाग इतका घट्ट मिटून जातो की औषध काढल्यावरही तो पटकन उघडत नाही. २०१७ मध्ये मानवी पेशी बसवलेल्या उंदरांत एआरटी थांबवल्यावर विषाणूची उसळी लांबली. लांबली, थांबली नाही. सुप्त विषाणूला कायमचं कुलूप लावायच्या या मार्गाकडे माझं स्वतःचं लक्ष जास्त आहे.

गंमत म्हणजे अगदी उलटा मार्गही टॅटवरूनच जातो. सुप्त पेशींना जागं करून उघड्यावर आणायचं असेल तर त्यांना टॅटच द्यायचं. मेलबर्नच्या डोहर्टी संस्थेतल्या संशोधकांनी २०२५ मध्ये टॅटचा एमआरएनए मेदाच्या अतिसूक्ष्म कणांत भरून विश्रांतीतल्या टी पेशींत पोहोचवला. या पेशींत असं काही घुसवणं आजवर फार अवघड होतं. एचआयव्ही असलेल्या लोकांनी दिलेल्या पेशींत त्यामुळे झोपलेला विषाणू जागा झाला. जागा झालेला मारायचा कसा, हे अजून बाकी आहे.

---

मिहिका

आणि लस?

---

रायबोझोम

त्याच एन्सोली यांनी इटलीत टॅटची लस घेऊन दीर्घकाळ काम केलं. १९९९ मध्ये माकडांत संरक्षण मिळाल्याचं त्यांनी छापलं, पण दुसऱ्या गटांना ऱ्हीसस माकडांत तसं दिसलं नाही. पुढे ती उपचाराला जोड म्हणून इटली आणि दक्षिण आफ्रिकेत रुग्णांवर तपासली गेली, प्रतिपिंडं तयार झाली. संसर्ग रोखणारी लस मात्र हातात आलेली नाही. यापलीकडे त्यावर लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

---

ओपीडीनंतर

टॅटची एक बाजू राहिली. पक्षाघाताच्या औषधांबद्दल वाचताना मला ते अनपेक्षितपणे भेटलं.

पेशीत शिरायची जी खोड आहे ती टॅटच्या फक्त ११ अमिनो आम्लांच्या तुकड्यात आहे, जास्त करून आर्जिनिन आणि लायसिन. हा तुकडा कशालाही जोडा, ते पेशीत शिरतं. १९९९ मध्ये स्टीव्हन डाउडी यांच्या गटाने तो बीटा-गॅलॅक्टोसिडेज या अवाढव्य विकराला जोडून उंदरांना टोचला, तर ते मेंदूपर्यंत पोहोचलं. नेरिनेटाइड हे पक्षाघातासाठीचं प्रायोगिक औषध याच तुकड्यावर बांधलेलं आहे. चेतापेशीत शिरून ते एनएमडीए ग्राहीचा आतला धागा तोडतं, म्हणजे कॅल्शियमचा तोच पूर तिथे नुकसान करत नाही. एकीकडे अख्खं टॅट त्या ग्राहीला भडकावतं आणि दुसरीकडे त्याचाच तुकडा त्या ग्राहीमुळे होणारं नुकसान टाळणारं औषध आत नेऊन पोहोचवतो!

२०२० मध्ये १,१०५ रुग्णांवरच्या चाचणीत एकूण फायदा सिद्ध झाला नाही. गुठळी विरघळवणारं अल्टेप्लेज ज्यांना दिलं नव्हतं त्यांच्यात तो दिसला, कारण अल्टेप्लेजमुळे तयार होणारं प्लाझमिन या औषधाचे तुकडे करून टाकतं.

---

शंकासुर

हे माहीत नव्हतं. म्हणजे टॅट पेशीत आपणहून शिरतं यावर औषध कंपन्यांनी पैसे लावलेत. तेवढी शंका मी मागे घेतो, बाकीच्या राखून ठेवतो.

रायबोझोम, एक सांगा: तुमचं मूळ म्हणणं, गोळ्या चालू असतानाही टॅटचा वाटा, हे कशाने सिद्ध होईल? नुसतं मेंदूद्रवात सापडलं म्हणून नाही.

---

रायबोझोम

एआरटी घेणाऱ्या लोकांना जोडीला टॅट अडवणारं सुरक्षित औषध द्यायचं आणि निम्म्यांना निष्क्रिय गोळी. व्हायरल लोड दोन्हीकडे सारखाच, न सापडणारा. मग दाहाची मोजमापं आणि बौद्धिक चाचण्या वर्ष-दोन वर्षं बघायच्या. औषधाच्या बाजूला फरक पडला तर माझं खरं, नाही पडला तर दुखणं दुसरीकडे. सायटोमेगॅलो विषाणू आहे, आतड्याच्या अस्तरातून झिरपणारे जिवाणूंचे अंश आहेत, दावेदार कमी नाहीत. माणसांत देता येईल असं औषध अजून नसल्यामुळे हा प्रयोग आज करता येत नाही.

---

मिहिका

शेवटचा प्रश्न, मग अभ्यासाला बसते. वर ८६ ते १०१ असं लिहिलंय. पुस्तकात ८६ आहे. नक्की किती?

---

रायबोझोम

रुग्णांकडून मिळालेल्या बहुतेक विषाणूंत १०१. प्रयोगशाळांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या एचएक्सबी२ या जुन्या प्रकारात मध्येच एक थांबा-संकेत आलाय, म्हणून तिथे ८६वर संपतं, आणि पुस्तकं त्यावरून लिहिली गेली. पहिल्या एक्झॉनची (जनुकाच्या पहिल्या तुकड्याची) ७२ अमिनो आम्लं प्रतिलेखनाला पुरतात. परीक्षेत ८६ लिही, कंसात १०१.